‘मी मारलं’ म्हणजे नेमकं काय? खोटा कबुलीजबाब कसा तयार होतो आणि कसा ओळखायचा

समजा, खानापूर तालुक्यातला एक शेतकरी बांधाच्या भांडणाबद्दल सांगताना म्हणतो, ‘मी त्याला मारलं.’ मराठी ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. मारलं म्हणजे? दोन काठ्या हाणल्या, की जीव घेतला? आपल्या भाषेत दोन्हीला एकच क्रियापद चालतं. तेच वाक्य कन्नडमध्ये उतरवायचं झालं, तर लिहिणाऱ्याला दोनातलं एक निवडावं लागतं. ‘होडेदे’ लिहिलं तर मारहाण, ‘कोंदे’ लिहिलं तर खून. ही निवड कुणी केली, आणि कागद पुरा झाल्यावर ती शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितली का, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरू शकतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडे कारवार-हल्याळपासून बिदर-भालकीपर्यंत हे रोजचं आहे. बोलणारा मराठी, ठाण्याचा कागद कन्नड, वरच्या न्यायालयात पोचेपर्यंत त्याचं इंग्रजी. यात कन्नडचा काही दोष नाही. जत-अक्कलकोटच्या कानडी माणसाचा जबाब मराठीत लिहिला जातो, तेव्हा हीच अडचण उलट बाजूने उभी राहते. म्हणून खोट्या कबुलीजबाबाची चर्चा सीमाभागात करायची, तर ती भाषेपासूनच सुरू करावी लागते.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मोठ्या माणसासमोर, साहेबासमोर उभं राहिल्यावर आपल्याकडचा खेडूत आधी ‘चुकलं साहेब’ म्हणून मोकळा होतो. त्यात गुन्ह्याची कबुली नसते, समोरच्याचा राग शांत करायची ती रीत असते. कन्नडमध्ये चुकीला ‘तप्पु’ म्हणतात आणि कबुलीजबाबाला ‘तप्पोप्पिगे’, म्हणजे चूक मान्य करणं. ‘चुकलं’पासून ‘तप्पोप्पिगे’पर्यंत जायला कागदावर एकच पायरी लागते. दुसरा शब्द ‘हो’. मराठीत ‘हं, हो, हो’ म्हणजे ‘ऐकतोय, पुढं बोला’. अर्धवट कन्नड येणारा माणूस प्रत्येक वाक्याला ‘हौद्री’ म्हणत राहतो. प्रश्न असा असेल की ‘तू तिथं होतास, काठी तुझ्या हातात होती, तूच मारलंस ना?’ आणि उत्तर एकच ‘हौद्री’, तर ते तीनांपैकी कशाला होतं?

पण भाषेचा घोटाळा नसतानाही निर्दोष माणूस ‘मीच केलं’ का म्हणेल? बहुतेकांना हे पटतच नाही. मानसशास्त्रात खोट्या कबुलीचे ढोबळ तीन प्रकार मानतात. पहिला, कुणी न मागता स्वतःहून दिलेली. आपल्याकडे त्याला गुन्हा अंगावर घेणं म्हणतात. थोरल्यासाठी धाकटा घेतो, मुलासाठी बाप घेतो, कधी मालकासाठी गडी घेतो. प्रसिद्धीसाठी किंवा मानसिक आजारातूनही हे घडतं. स्वीडनमध्ये मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या एकाने तीसहून जास्त खून कबूल केले. त्यातल्या आठांसाठी त्याला दोषी ठरवलं गेलं आणि २०१३ पर्यंत त्या आठही शिक्षा रद्द झाल्या.

दुसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो: माणसाला आपण केलेलं नाही हे पक्कं ठाऊक असतं, पण समोरचा प्रसंग संपावा म्हणून तो मान्य करतो. झोप नाही, घरी फोन नाही, बायको बाहेर रडतेय, आणि कुणीतरी सांगतं, ‘सही कर, सकाळी घरी जा. कोर्टात काय ते सांग.’ तेव्हा मनात जवळचा आराम आणि लांबची शिक्षा यांचा सौदा होतो. दमलेल्या माणसाला लांबचं दिसत नाही. निर्दोष माणूस तर आणखी सहज फसतो, कारण ‘मी काही केलेलंच नाही, कोर्टात कळेलच’ असा त्याचा भरवसा असतो. अमेरिकेत खोट्या ठरलेल्या १२५ कबुलींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या चौकशीची वेळ नोंदलेली होती, त्यांत ती सरासरी सोळा तासांहून जास्त चालली होती, आणि कबुली देणाऱ्यांत जवळपास एक तृतीयांश अठरा वर्षांखालचे होते. २०१६ च्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्यांपैकी निम्म्यांनी न केलेली चूक सही करून मान्य केली. झोप झालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. एका रात्रीच्या जागरणाने एवढा फरक पडतो, आणि तोही मारहाण किंवा तुरुंगाची भीती नसताना.

तिसरा प्रकार विरळा, पण फार अस्वस्थ करणारा. माणसाला आपणच केलं असावं असं खरोखर वाटू लागतं. दारूच्या नशेत रात्रीचं काही आठवत नाही, वर ‘तुझे ठसे सापडलेत, साक्षीदार आहे’ असं ठामपणे सांगितलं जातं. १९९६ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांवर आरोप ठेवला की तुम्ही नको ते बटण दाबून संगणक बंद पाडलात. कुणीही ते दाबलेलं नव्हतं. तरी ६९ टक्क्यांनी कबुलीवर सही केली, आणि २८ टक्क्यांना आपणच दाबलं असं खरंच वाटलं.

खोटी कबुली पोकळ असेल, तिच्यात तपशील नसतील, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या चाळीस अमेरिकन कैद्यांच्या कबुल्या एका कायद्याच्या प्राध्यापकाने तपासल्या. त्यांपैकी अडतीसांत ‘फक्त गुन्हेगारालाच माहीत असतील’ असे तपशील होते. ते आले कुठून? प्रश्नांतून, दाखवलेल्या फोटोंतून, घटनास्थळी फिरवून आणल्यावर. बहुतेक वेळा अधिकाऱ्यालाही आपण तपशील देतोय हे उमगत नाही. ‘विळा कुठं टाकलास?’ या एका प्रश्नात हत्यार विळा होतं आणि ते टाकून दिलं, या दोन गोष्टी सांगून झालेल्या असतात. ‘मग काय केलंस?’ या प्रश्नात काहीच गळत नाही.

मग खोटं बोलणारा चेहऱ्यावरून कळत नाही का? आपल्या म्हणी सांगतात की कळतो. ‘कर नाही त्याला डर कशाला’, ‘खाई त्याला खवखवे’. खिडकीतून पाहणाऱ्या शेजाऱ्यापासून अनुभवी अधिकाऱ्यापर्यंत सगळे हाच निकष लावतात: नजर चुकवतो, चाचरतो, घाम फुटतो. या विषयावरच्या अनेक देशांतल्या संशोधनाचा एकत्र आढावा २००६ मध्ये घेतला गेला. चोवीस हजारांहून जास्त लोकांचे अंदाज त्यात होते, आणि अचूक निघाले सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. २००५ च्या एका अभ्यासात खऱ्या-खोट्या कबुल्या ओळखताना पोलिसांपेक्षा विद्यार्थी जास्त अचूक ठरले, स्वतःच्या अंदाजाची खात्री मात्र पोलिसांना जास्त होती. नजर चुकवणं हे भीतीचंही लक्षण आहे, लाजेचंही, आणि आपल्याकडे तर मोठ्यांसमोर खाली बघणं ही रीत आहे. त्यात मोडकी कन्नड बोलणारा माणूस शब्द शोधत थांबतो, वाक्य अर्धं सोडतो, तेव्हा पाहणाऱ्याला ते चाचरणं वाटतं. दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्याला लोक खोटारडा ठरवण्याकडे जास्त झुकतात, हे कॅनडातल्या अभ्यासातही दिसलं आहे.

यंत्रांचंही तेच. पॉलिग्राफ श्वास, रक्तदाब आणि घाम मोजतं. खोटेपणा मोजत नाही. नार्को चाचणीत थायोपेंटोनने गुंगी आणतात, आणि गुंगीतला माणूस खरं, ऐकलेलं आणि सुचवलेलं एकत्र बोलतो. बंगळुरूच्या फॉरेन्सिक लॅबमुळे आपल्या राज्यात या चाचण्यांचा गाजावाजा फार झाला. त्यावरचा निकालही आपल्याच राज्याच्या नावाचा आहे: सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, ५ मे २०१०. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येत नाही, संमती वकिलाच्या मदतीने आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायची, आणि संमतीने झालेल्या चाचणीतलं बोलणंसुद्धा थेट पुरावा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

उपयोगी पडणारी पद्धत साधी आहे, आणि तिला वेळ लागतो. हातातला पुरावा आधी उघड करायचा नाही. माणसाला त्याच्या भाषेत, न तोडता, पूर्ण हकिगत सांगू द्यायची. मग सांगितलेलं आणि पुरावा यांचा मेळ घालायचा. स्वीडनमध्ये पुरावा असा राखून वापरण्याचं प्रशिक्षण दिलेल्या पोलीस प्रशिक्षणार्थींची अचूकता सुमारे ८५ टक्के निघाली, न दिलेल्यांची ५६. अर्थात हे प्रयोगातले आकडे आहेत, ठाण्यातले नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे: चेहरा वाचू नये, सांगितलेली गोष्ट तपासावी.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आणि कलमांचे नवे क्रमांक लागू आहेत, म्हणून जुनेही सोबत देतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि पोलीस कोठडीत असताना कुणाहीपुढे दिलेली कबुली, न्यायदंडाधिकारी समोर हजर नसेल तर, चालत नाही: भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३ (जुनी २५ आणि २६). टीव्हीवर ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ असं झळकतं, ते बहुतेक हेच असतं, आणि न्यायालयात त्याची किंमत शून्य. मोठा अपवाद कर्नाटक संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचा. त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालू शकते. म्हणून कुठली कलमं लावली आहेत, हे पहिल्या दिवशीच पाहावं.

याच कलम २३ मध्ये एक खिडकी आहे (जुनं कलम २७). आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेले शब्द तेवढे पुराव्यात येतात. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालातलं उदाहरण वकील अजूनही देतात: ‘ज्या सुऱ्याने मी अमक्याला भोसकलं तो छपरात लपवलाय, काढून देतो.’ यातलं ‘छपरात लपवलेला सुरा काढून देतो’ एवढंच चालतं. ‘भोसकलं’ गळतं. खोट्या केसचा सगळा भार बहुधा याच खिडकीवर असतो, म्हणून हा पंचनामा बारकाईने वाचायचा. सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य (२०२२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रम सांगितला आहे. आधी दोन स्वतंत्र पंच ठाण्यात बोलवायचे, त्यांच्यासमोर आरोपीने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, तेच शब्द लिहून पंचनाम्याचा पहिला भाग पुरा करायचा, मग जागेवर जायचं. पंच जागेवरच सामील झाले असतील, किंवा आरोपीचे नेमके शब्द कुठेच नसतील, तर पाया कच्चा. आपल्या भागात आणखी विचारायचं: आरोपी मराठीत बोलला, तर ते मराठी शब्द कुठं आहेत? पंचांना मराठी येत होतं का?

न्यायदंडाधिकाऱ्यापुढची कबुली वेगळी. ती चालते, आणि म्हणून तिच्या पायऱ्या कडक आहेत: नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८३ (जुनं १६४). तुमच्यावर कबुली देण्याचं बंधन नाही आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, हे आधी समजावून सांगायचं. नकार दिला तर पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. शिवप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९५) मध्ये कबुली बाद झाली, कारण आपण कोण आहोत हे न्यायदंडाधिकाऱ्याने आरोपीला सांगितलंच नव्हतं, परत पोलिसांकडे पाठवणार नाही अशी हमी दिली नव्हती, आणि तो का बोलतोय याची खोलात चौकशी केली नव्हती. विचार करायला साधारण २४ तास तरी द्यावेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या निकालापासून चालत आलं आहे. भाषेचा नियम कलम ३१६ मध्ये (जुनं २८१). शक्य असेल तर ज्या भाषेत माणूस बोलला त्याच भाषेत नोंदवायचं. शक्य नसेल तर न्यायालयाच्या भाषेत, पण मग त्याला समजेल अशा भाषेत ते परत सांगायचं, आणि त्यात भर घालायची, खुलासा करायची मुभा द्यायची. म्हणजे ‘कोंदे’ वाचल्यावर ‘नाही साहेब, मारलं म्हणजे हाणलं, जीव नाही घेतला’ म्हणण्याची जागा कायद्याने ठेवली आहे. वकील हजर असताना ध्वनिचित्रमुद्रणही करता येतं. मराठी माणसाच्या वकिलाने ते मागावंच, कारण मूळ मराठी आवाज राहण्याची खात्रीची जागा तीच.

कबुलीचा कागद हातात आला की तपासायचा कसा? एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात कबुलीतला एकेक तपशील. दुसऱ्यात तो पोलिसांना पहिल्यांदा कधी आणि कशातून कळला, त्या कागदाची तारीख-वेळ: फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. तिसऱ्यात कबुलीवर अजिबात न अवलंबलेला पुरावा. दुसरा रकाना सगळा आधीच्या तारखांनी भरला आणि तिसरा रिकामा राहिला, तर कबुलीने तपासाला काहीच नवं दिलेलं नाही.

सगळ्यात बोलका पुरावा चुकांचा असतो. समजा पहिल्या दिवशी पोलिसांना वाटलं की सुरा वापरला, आणि पहिल्या जबाबात सुरा आहे. तिसऱ्या दिवशी शवविच्छेदनात कोयत्याच्या जखमा निघाल्या, आणि दुसऱ्या जबाबात कोयता आला. आरोपीला खरं माहीत असतं, तर पोलिसांची चूक त्याच्या तोंडी आली नसती. खरी कबुली तपासाच्या पुढे चालते, खोटी मागून येते.

मग वेळ. ‘चौकशीला बोलावलं’ मंगळवारी सकाळी, अटक दाखवली गुरुवारी संध्याकाळी. अटकेनंतर २४ तासांत न्यायालयापुढे उभं करायचं असतं, म्हणून अटकेची वेळच पुढे ढकललेली असते, आणि कबुली याच मधल्या तासांत होते. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण आवाजासह अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्या आठवड्यातच न्यायालयात द्यावा. आरोपी त्या रात्री कुठं होता याचे कागदही तेव्हाच गोळा करावेत. ऊसगाडीवर असेल तर कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवर वेळ असते. बसचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, दुकानाचा कॅमेरा, मोबाइलच्या नोंदी यांपैकी काहीतरी असतंच. कॅमेऱ्याचं चित्रण बहुधा काही दिवसांतच पुसलं जातं.

शब्दही पाहा. चौथी शिकलेल्या माणसाच्या तोंडी ‘उद्देशपूर्वकवागि’, ‘पूर्ववैमनस्यातून’, ‘जिवे ठार मारण्याच्या इराद्याने’ असे शब्द असतील, तर ते लिहिणाऱ्याचे आहेत. दुभाषी कोण होता, त्याचं नाव आहे का, की ठाण्यातल्याच कुणीतरी ते काम केलं? आणि कन्नड वाचता न येणाऱ्याचा अंगठा असेल, तर त्या अंगठ्याने नेमकं काय मान्य केलं?

एकदा कबुली मिळाली की उलट पुरावा दिसेनासा होतो, हे दोन ताज्या प्रकरणांत स्पष्ट झालं. गुरुग्राममध्ये २०१७ साली शाळकरी मुलाच्या खुनाबद्दल बस कंडक्टरला अटक झाली, त्याने कबुली दिल्याचं जाहीर झालं. नंतर सीबीआयने वेगळ्याच संशयिताला, एका विद्यार्थ्याला, ताब्यात घेतलं. कंडक्टर २०१८ मध्ये सुटला आणि पुढे काही पोलीस अधिकाऱ्यांवरच आरोपपत्र दाखल झालं. दुसरं आपल्या राज्यातलं. कोडगूच्या एका मजुरावर बायकोच्या खुनाचा खटला चालला. म्हैसूर जिल्ह्यात मिळालेला सांगाडा तिचाच असं पोलीस धरून चालले होते. डीएनए जुळला नाही, तरी खटला चालूच राहिला. एप्रिल २०२५ मध्ये ती मडिकेरीत जिवंत दिसली, तेव्हा तो निर्दोष सुटला.

गावातली कबुली हा आपल्याकडचा खास विषय. देवळात, चावडीत पंच बसतात, शपथ म्हणून बेल-भंडारा उचलायला सांगतात. जो उचलत नाही तो चोर ठरतो. पण देवाच्या भीतीने निर्दोषही मागे सरतो, आणि निर्ढावलेला सहज उचलतो. अशा जमावापुढे ‘मीच केलं’ म्हटलेलं ठाण्याबाहेरचं असल्यामुळे पोलीस-कबुलीच्या बंदीत बसत नाही, आणि साक्षीदार म्हणून पंच न्यायालयात उभे राहू शकतात. न्यायालयं हा पुरावा दुबळा मानतात, आणि धमकी किंवा आमिष दिसलं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ खाली तो बाद होऊ शकतो. गावच्या पंचांनी हे समजून घ्यायला हवं: माणसाला घेरून बोलतं करण्यात सत्य हाती येत नाही, उलट खरा गुन्हेगार सुटायची वाट मोकळी होते.

घरच्यांनी काय करावं? अटकेची कारणं लेखी मागावीत, आणि ती मराठीत, म्हणजे समजेल अशा भाषेत मागावीत. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे, आणि उशिरात उशीर रिमांडच्या दोन तास आधी तरी ती मिळाली पाहिजेत असं सांगितलं आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. पूर्ण वेळ शेजारी बसण्याचा मात्र नाही. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. पोलिसांनी लिहून घेतलेल्या साध्या जबाबावर सही घ्यायचीच नसते (त्याच संहितेचं कलम १८१). अटक मेमो किंवा पंचनाम्यावर करावी लागली, तर शेजारी स्वतःच्या हाताने मराठीत लिहावं: ‘मला कन्नड वाचता येत नाही.’ समजावून सांगितलं असेल तर तसं, नसेल तर तसं. कोऱ्या कागदावर काहीही करू नये.

न्यायालयात पहिल्यांदा उभं केल्यावर मारहाण झाली असेल तर तिथेच, मराठीत, तोंडाने सांगावं आणि वैद्यकीय तपासणी मागावी. वळ चार दिवसांत जातात. कबुली मिळवण्यासाठी इजा करणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे (न्याय संहिता, कलम १२०), पण तो सिद्ध करायला त्या पहिल्या दिवसाचा डॉक्टरांचा कागद लागतो.

आणि दिलेली कबुली मागे घ्यायची असेल, तर खटला उभा राहायची वाट पाहू नये. मागे घेतलेल्या कबुलीवर स्वतंत्र दुजोऱ्याशिवाय शिक्षा देणं न्यायालयं सहसा टाळतात, पण ती किती लवकर मागे घेतली हे आधी पाहतात. बेळगावच्या हिंडलगा कारागृहातून अधीक्षकांमार्फत न्यायालयाला अर्ज पाठवता येतो. अर्जात ‘मी निर्दोष आहे’ एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणी काय विचारलं, दुभाषी कोण होता, आणि आपण मराठीत नेमके कुठले शब्द बोललो, ते जसेच्या तसे लिहावेत. ‘मारलं’ म्हटलं असेल तर ‘मारलं’च लिहावं, आणि पुढे किती काठ्या, कुठं लागल्या, त्यानंतर तो माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला का, हे सगळं.